आस्वादातील ऋण

रॉक संगीताच्या चाहत्याचा आस्वाद हा भाबडेपणाचा नमुना मानून समीक्षा त्याच्याकडे सहसा पाहत नाही. ‘इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा’ या इंग्रज बँडच्या चाहत्यांचा अनुभव तपासला असता मात्र एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. कलानंद ज्यांच्या श्रमातून सिद्ध झाला त्यांचे ऋण मानणे हा आस्वादाचाच भाग आहे, की आस्वादाबाहेरचे निव्वळ सौजन्य?

१९७० साली बर्मिंगहॅम येथे रॉय वुड, जेफ लिन आणि बेव्ह बेव्हन यांनी हा बँड उभारला तो इलेक्ट्रिक गिटारच्या जोडीला चेलो व व्हायोलिन बसवण्याच्या इराद्याने. (विजेचा दिवा आणि सुगम संगीत वाजवणारा छोटा ‘लाइट ऑर्केस्ट्रा’ असा श्लेष नावातच आहे.) तंतुवाद्ये वाजवणारे हे बँडचे सभासद होते आणि रंगमंचावर गिटारवादकांच्या बरोबरीने दिसत. १९७४ च्या ‘एल्डोराडो’पासून ध्वनिमुद्रणासाठी लुई क्लार्क यांच्या संचालनाखाली स्वतंत्र मोठा वाद्यवृंद येऊ लागला. म्हणजे तंतुवाद्यांच्या एकाच नादावर प्रेम करताना चाहता वस्तुतः दोन समूहांचे वादन ऐकत होता. एक ओळखीचा, दुसरा अनामिक. १९७९ च्या ‘डिस्कव्हरी’मध्ये हे द्वैत टोकाला गेले. मिक कमिन्स्की, ह्यू मॅकडॉवेल आणि मेल्विन गेल हे तिघे त्या ध्वनिमुद्रिकेत वाजवीत नाहीत. तिच्यातील गीतांच्या चित्रफितींत मात्र ते गज फिरवताना दिसतात.

अलौकिकतावादी भूमिकेला यात काहीच अडचण वाटणार नाही. कांटने सौंदर्याचा निवाडा हितसंबंधनिरपेक्ष मानला; त्या न्यायाने गज कोणाच्या हाती होता ही चौकशी चरित्रकाराची ठरते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. चाहत्याचा प्रतिसाद ‘हे सुंदर आहे’ या विधानापाशी थांबत नाही. तो कोणाला तरी उद्देशून असतो. टाळी नादाला देता येत नाही, नाद निर्माण करणाऱ्यालाच द्यावी लागते. चित्रफीत पाहणाऱ्याचा आनंद खराच होता. त्याची कृतज्ञता मात्र चुकीच्या पत्त्यावर गेली. त्या तिघांना येथे दोष देण्याचे कारण नाही. बँडमधील त्यांचे स्थान तेव्हा संपतच आले होते.

२०१२ साली लिन यांनी निवडक जुनी गीते बहुतांशी एकट्याने वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केली. मूळ मुद्रणे आपल्याला हवी तशी उतरली नव्हती, अशी त्यांची धारणा होती. रचना त्यांच्या, गायन त्यांचे. तेव्हा त्यांच्या अधिकाराविषयी वाद संभवत नाही. तरीही जुने मुद्रण जवळ करणाऱ्या चाहत्याला स्मरणरंजनात रमलेला म्हणून निकालात काढणे हा वैचारिक आळस होय. जुन्या मुद्रणात रचनाकाराच्या इच्छेला इतरांच्या हातांनी आकार दिलेला आहे, आणि चाहत्याची निष्ठा त्या हातांशीही असू शकते.

अर्थात, केवळ कानाने हा भेद ओळखता येतो असा दावा करणे धाडसाचे ठरेल. वादकांविषयीचे ज्ञान नादात भर घालीत नाही. प्रतिसाद कोणापर्यंत पोचायला हवा, एवढेच ते सांगते. आणि जेथे नावेच ठाऊक नाहीत तेथे तेही अडखळते. २०१४ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये लिन पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा साथीला बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रा होता. श्रोत्यांच्या टाळ्या समोर बसलेल्या त्या वादकांना मिळाल्या, आणि ते रास्तच होते. पण त्यांतील काही हिस्सा चार दशकांपूर्वी क्लार्क यांच्यासमोर बसलेल्यांचा होता.