सोबत करा

घरात कुणाला ताप आला, की शेजारीण पेज घेऊन येते. पण वयात आलेलं मूल ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, की त्या घराकडे कुणी फिरकत नाही. आईबाप रात्ररात्र जागतात. वर लोक विचारतात, ‘तुमचं लक्ष कुठे होतं?’ हा प्रश्न नको. सोबत करा. मुलाला मरणाच्या विचारांबद्दल सरळ, मायेनं विचारल्यानं ते विचार मनात रुजत नाहीत, हे आईबापांना सांगा. घरातली औषधं कुलपात ठेवायला हातभार लावा. सोबत करा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. तिथे आईबापांनाही बोलता येतं. ते डॉक्टरांकडे निघाले, तर धाकट्याला खुशाल तुमच्याकडे ठेवून घ्या.