आवड कोणाच्या नावावर?

रायपूरमधल्या कुठल्याही मध्यम घरसजावट व्यावसायिकाचे कोटेशन हातात घ्या. प्लाय 303 नंबरचा की 710, मायका किती जाडीचा, बिजागऱ्या कोणत्या कंपनीच्या, ड्रॉवरचे चॅनेल साधे की हळूच मिटणारे, पीओपीचा चौरस फुटाचा भाव, मजुरी, वाहतूक, सगळे ओळीने मांडलेले असते. ओटा खिडकीखाली का घेतला, देवघर जिन्याखालून काढून बैठकीच्या कोपऱ्यात का आणले, आजींच्या पलंगाची दिशा का फिरवली, हे ज्या कुणी विचार करून ठरवले त्याच्यासाठी मात्र ओळ नसते. गिऱ्हाईक विचारते, ‘डिझाइन तो फ्री है ना?’ आणि बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते, ‘काम हमको दीजिए, डिझाइन फ्री.’

ही फुकट मिळणारी गोष्ट प्रत्यक्षात कोण देते? मोठ्या फर्ममध्ये पगारी डिझायनर देतो आणि त्याचा पगार प्लायच्या भावात मिसळलेला असतो. पण या शहरातली बरीचशी कामे घरगुती फर्म करतात. तिथे भाऊ-भाऊ भागीदार असतात, एक साइट सांभाळतो, दुसरा माल आणि पैसा. रंग, कापड, कपाटांची विभागणी, स्वयंपाकघराची आखणी याला ‘घरातली बाई बघते’ असे म्हणतात. आमच्या घरी ती बाई म्हणजे माझी धाकटी जाऊ. मी दुपारी बिले लिहायला आणि फोन घ्यायला बसते, त्यामुळे हे काम कसे चालते ते जवळून पाहते आहे. माझे म्हणणे असे आहे की अशा फर्मचे खरे भांडवल त्या बाईची नजर असते, आणि ती नजर हिशेबात न धरल्याने तिचे नुकसान होतेच, पण घरे बिघडतात ती त्याहून वाईट गोष्ट आहे.

रायपूरच्या मराठी वस्तीला घर मांडण्याची स्वतःची रीत होती. 1741 मध्ये भास्करपंतांच्या स्वारीनंतर छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांकडे आले, पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून कारभार पाहिला, 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. नागपूर मात्र 1956 पर्यंत या प्रांताची राजधानी होते, त्यामुळे मास्तर, वकील, कारकून, रेल्वेचे नोकर तिकडून येत राहिले. तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा इथल्या त्यांच्या घरांत मराठी माजघर आणि छत्तीसगढी परछी एकत्र नांदली. परछी म्हणजे आपली ओसरी किंवा पडवी. ती उन्हाच्या बाजूला ठेवायची, म्हणजे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे निघाला तरी आतली भिंत तापत नाही. दिवाळीआधी छुही, म्हणजे इथली पांढरी माती, कालवून भिंती सारवायच्या. धान्याची कोठी कुठे, पाहुण्यांच्या नजरेआड काय राहील, बाळंतिणीची खोली कोणती, हे सगळे घरातल्या बायका ठरवत. त्यांच्या आवडीला बाजारात किंमत नव्हती, पण ती कुणाची आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असे. अमक्या काकूंच्या घरची मांडणी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे ती मांडणी उभी राहायची.

1 नोव्हेंबर 2000 रोजी रायपूर राजधानी झाले आणि बांधकामाला उधाण आले. विधानसभा मार्ग, मोवा, सड्डू, व्हीआयपी रोड, जिकडे तिकडे कॉलन्या उठल्या. भिलाई, बिलासपूर, जगदलपूरहून आलेल्या कुटुंबांना चार-सहा महिन्यांत राहण्याजोगे घर हवे झाले. जी मांडणी पूर्वी वर्षानुवर्षे राहून होत असे ती आता आधीच ठरवून, मोजून, प्लायमध्ये कापून द्यायची वेळ आली. घरसजावटीचा धंदा या गरजेतून वाढला आणि ही गरज खरी आहे. या धंद्याला नाक मुरडणाऱ्यांशी माझे जमत नाही. मला त्यातल्या विसराळूपणाबद्दल बोलायचे आहे.

माझी जाऊ कशी काम करते ते सांगते. मोव्यातल्या एका छत्तीसगढी शेतकरी कुटुंबाच्या नव्या घराचे स्वयंपाकघर करायचे होते. धाकट्या दिरांनी मापे आणली, संगणकावर चित्र तयार झाले, सूनबाईंना ते पसंतही पडले. जाऊ म्हणाली, मला त्यांचे जुने घर बघायचे आहे. ती तिथे गेली आणि सकाळभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली. सूनबाईंना तिने टेबलावर पीठ मळायला लावले, कोपरापासून टेबलापर्यंतचे अंतर टेपने घेतले आणि ओटा ठरल्यापेक्षा खाली आणला, कारण त्या ठेंगण्या होत्या आणि ठरावीक उंचीच्या ओट्यावर त्यांचे खांदे वर चढले असते. फरा वाफवायचे मोठे पातेले कुठे ठेवता, तांदळाचे पीठ किती येते, सणाला चूल बाहेर मांडता का, असे ती विचारत राहिली. आणि तिला दिसले की सासूबाई भाजी ओट्याशी उभे राहून चिरतच नाहीत. त्या जमिनीवर बसून पहसुलवर, म्हणजे आपल्या विळीवर, चिरतात. सून शेजारी उभी राहून फोडणी देते आणि दोघींचे बोलणे तेवढ्यात होते.

संगणकावरच्या चित्रात सासूबाईंना जागाच नव्हती. जाऊने खिडकीखालची दोन कपाटे काढून टाकली आणि तिथे वीतभर उंचीचा, फर्शीचा, मांडी घालून बसता येईल असा कट्टा ठेवला. पायाशी पाणी वाहून जायला उतार दिला आणि विळीसाठी भिंतीत खाच. मिस्त्री म्हणाले, भाभी, दोन कपाटांचा पैसा गेला. खरेच गेला. चौरस फुटावर बिल होते, त्यामुळे कपाटे काढली की बिल कमी होते. तिने घातलेल्या डोक्याने फर्मची कमाई घटली आणि घर मात्र त्या दोघींचे झाले.

पुढे काय झाले ते या धंद्यातल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. कट्ट्याचे फोटो फर्मच्या नावाने फिरले. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने ‘अगदी तस्सेच’ मागितले. तेव्हा जाऊ माहेरी होती, दिरांनी फोटोवरून काम उरकले. त्या घरात खाली कुणी बसत नव्हते, विळी नव्हती, सासूबाईही नव्हत्या. आज त्या कट्ट्यावर पाण्याचे कॅन आणि कांद्याची टोपली असते.

स्वतःची शैली म्हणजे काय, याचे उत्तर मला या दोन कट्ट्यांत सापडते. ठरावीक रंग, ठरावीक नक्षी, फोटोत ओळखू येणारा चेहरामोहरा याला लोक शैली म्हणतात. जाऊची शैली त्यात नाही. तिच्या दोन घरांत एकसारखी वस्तू क्वचित सापडेल. कुणाच्या जगण्याकडे किती वेळ आणि किती बारकाईने पाहायचे, आणि पाहिल्यावर काय सोडून द्यायचे, यात ती आहे. म्हणून ती फोटोतून उचलता येत नाही. माणूस गैरहजर असला की शैलीही गैरहजर. धंद्याच्या भाषेत बोलायचे तर फर्मजवळ असलेले फोटो ही मालमत्ता नव्हे, बघणारी व्यक्ती ही मालमत्ता आहे. इतकी मोलाची गोष्ट कुठल्याही कागदावर नसावी, हे मला अडाणीपणाचे वाटते.

छत्तीसगढात याचे सर्वांत मोठे उदाहरण सरगुजा जिल्ह्यातल्या पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांचे आहे. शेतकरी घरातल्या सोनाबाईंना लग्नानंतर कित्येक वर्षे घराबाहेर फारसे कुणाशी मिसळू दिले गेले नाही. लहान मुलाला खेळणी हवीत म्हणून त्यांनी मातीची चित्रे करायला घेतली. मग घरात वारा यावा, ऊन अडावे म्हणून बांबूच्या चिपा वाकवून कडी केली, ती एकमेकांत बांधली, वर माती लिंपली आणि जाळ्या उभारल्या. त्या जाळ्यांत पक्षी, माकडे, साप, नाचणारी माणसे आली. रजवार बायका सुगीनंतर भिंती लिंपून सजवतात ही परंपरा होतीच, पण ही जाळी त्यांची स्वतःची. 1983 मध्ये भोपाळच्या भारत भवनाची माणसे त्या घरापर्यंत पोचली. त्यानंतर पुरस्कार आले, परदेशी प्रदर्शने आली. मुलगा दरोगाराम आणि सून यांनीही ती कला पुढे चालवली. 2007 मध्ये सोनाबाई गेल्या.

त्यांच्या धर्तीच्या जाळ्या आज हॉटेलांत आणि सरकारी इमारतींत दिसतात, रायपूरच्या बंगल्यांच्या दिवाणखान्यांतही. नक्कल झाली याचा मला राग नाही. घर सजवण्याची कला उसनवारीवरच वाढते. पण दिवाणखान्यातली ती जाळी वातानुकूलित खोलीत, भिंतीला चिकटवून, मागे दिवा लावून बसवलेली असते. वारा यावा म्हणून जी जन्मली तिच्यातून वारा जात नाही. ती कुणाची, कशासाठी, हे विचारणारे कुणी नसल्याने असे होते. नाव गळून पडले की त्यामागचे कारणही गळून पडते, आणि कारण गेले की उरते ती फक्त नक्षी.

दूरच्या स्वीडनमधली एक गोष्ट मला याच्याशी जोडून आठवते. चित्रकार कार्ल लार्सन यांनी सुंडबॉर्न गावातल्या आपल्या घराची जलरंगातली चित्रे 1899 मध्ये पुस्तकरूपाने छापली आणि ते घर युरोपभर गाजले. साध्या रंगवलेल्या लाकडाची, उजेडाची, मुलाबाळांनी भरलेली ती राहणी पुढे स्वीडिश घराचा आदर्शच ठरली. त्या घरातले पडदे, अभ्रे, विणकाम आणि बरेचसे फर्निचर त्यांची पत्नी कारिन यांच्या कल्पनेतले. त्या स्वतः शिकलेल्या चित्रकार होत्या, संसारात चित्रकला मागे पडली आणि तीच नजर घरात उतरली. 1997 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने प्रदर्शन भरवले तेव्हा शीर्षकात दोघांची नावे बरोबरीने आली. तोवर जवळजवळ शंभर वर्षे लोटली होती. कार्लने काही चोरले होते असे नाही. घर दोघांचे, मुले दोघांची, प्रेमही होते. आवड मात्र ज्याच्या हाती कुंचला आणि प्रकाशक त्याच्या नावावर चढली.

आपल्याकडे स्वयंपाकाच्या बाबतीत हे थोडे वेगळे घडले. 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि घरच्या हाताची चव लेखिकेच्या नावानिशी घरोघर गेली. कुणी म्हटले नाही की पाककृती तर सगळ्यांच्याच असतात, त्यात नाव कशाला. घर मांडण्याच्या जाणतेपणाला तेवढा मान मिळायचा आहे.

घरात हा विषय काढला की पहिला आक्षेप ठरलेला असतो. घरच्या माणसांत कसला हिशेब? मला या वाक्यामागची भावना कळते आणि तिचा आदर आहे. आजारपणात कोण किती जागले याची वही ठेवणारे कुटुंब मला नको. पण हिशेब तर ठेवलेलाच असतो. दोघा भावांची नावे भागीदारीच्या करारात आहेत, नफ्याचे प्रमाण लिहिलेले आहे, महिन्याला कोण किती उचल घेतो हेही. बिनहिशेबी मायेच्या हद्दीत फक्त जाऊचे काम येते. सरकारी श्रमबल सर्वेक्षणातसुद्धा अशा लोकांसाठी रकाना आहे, घरच्या उद्योगातले बिनपगारी मदतनीस, आणि काम करणाऱ्या स्त्रियांत अशा मदतनिसांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असते. ज्या कामाची नोंद सरकारच्या सर्वेक्षणात होते ते फर्मच्या दप्तरात नसावे, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो खुद्द जाऊनेच काढला. ती म्हणाली, वहिनी, पैसे घेतले की मला वेळेत उरकावे लागेल, मग मी उंबऱ्याशी सकाळभर बसू शकेन का? या प्रश्नावर मी बराच विचार केला. बसण्याची किंमत धरली नाही तर तिला बसू देणे हा दिरांचा चांगुलपणा ठरतो, आणि कामे वाढली की चांगुलपणा आधी आटतो. दुसऱ्या कट्ट्याच्या वेळी नेमके तेच झाले. किंमत धरली तर तो वेळ कामाचा भाग होतो, तिच्याविना साइट सुरू करता येत नाही. तिला तिच्या रीतीने काम करता यावे म्हणूनच तिचे नाव कागदावर हवे.

कागद म्हणजे नेमका कुठला, हेही बोलले पाहिजे. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करारात तसे लिहिलेले नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मागता येत नाही, आणि प्रमाण लिहिलेले नसेल तर नफा सारखा वाटला जातो. म्हणजे नुसते ‘तूही भागीदारच आहेस ना’ म्हणून भागत नाही. तिला भागीदार करावे, मोबदला करारात लिहावा, आणि आराखड्याच्या कोपऱ्यात तिचे नाव छापावे. कोटेशनमध्ये ‘पाहणी व आखणी’ अशी वेगळी ओळ असावी. ती पाहिल्यावर काही गिऱ्हाइके जातील. प्लायच्या भावात लपवून तोच पैसा घेणाऱ्याकडे ती जातील, हे मला मान्य आहे.

आमच्या कोटेशनमध्ये ती ओळ आता आली आहे, भागीदारीचा करारही नव्याने लिहायला दिला आहे. आकड्यावर मात्र घरात एकमत नाही. दिरांचे म्हणणे, एकूण बिलाच्या टक्क्यांत धरू, हिशेबाला सोपे. जाऊचे म्हणणे, टक्के धरले तर दोन कपाटे काढण्याचा सल्ला देताना माझाच पैसा कमी होईल, म्हणून ठोक रक्कम ठरवा, काम लहान असो की मोठे. मी जाऊच्या बाजूची आहे, आणि करार सही होण्याआधी दिरांना तसे स्पष्ट सांगितले आहे.