दुखणार नाही हं!

धाकटीला पाचवे सरले, तेव्हा घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांचा बूस्टर टोचून घ्यायचा होता. वाटेत तिने विचारले, "बाबा, दुखेल का?" मी चटकन म्हणालो, "छे! मुळीच नाही."

सुई टोचली, ती रडली. रडण्याचे मला काही वाटले नाही. वाटले ते नंतरच्या तिच्या नजरेचे.

या लसीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. रात्री तो आलाच. वजनाप्रमाणे मोजलेले पॅरासिटामॉल चमच्यात घेऊन मी म्हणालो, "गोड आहे हं." ते खरोखरच गोड होते. तिने ओठ घट्ट मिटले.

मुलांच्या हितासाठी बोललेले खोटे हे खोटे नव्हेच, असे आपण मानतो. पण हित कुणाचे? माझ्या थापेने तिचे दुखणे कमी झाले नव्हते; टळली होती ती माझी, वाटेतली दहा मिनिटांची कटकट. आणि तिची किंमत आता माझ्या खऱ्या शब्दाला मोजावी लागत होती.

थोड्या वेळाने तिने दंडाकडे बोट करून विचारले, "उद्याही दुखेल?"

"हो," मी म्हणालो, "थोडे दुखेल."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि तोंड उघडले.