पोटरीचा ठोका

तुकोबांची पालखी यवतला पोचते तेव्हा दिवस कलता असतो. सकाळी लोणी काळभोर सोडलेलं, दुपारचा विसावा उरुळी कांचनला, आणि पुन्हा पुणे-सोलापूर रस्त्याने चाल. २५ किलोमीटरांहून मोठी मजल. वारीच्या वाटेवरच्या लांब टप्प्यांपैकी ही एक. पालखी काळभैरवनाथाच्या मंदिरात विसावते. गाव पिठलं-भाकरी घेऊन उभंच असतं. पंगती उठल्या की ठिकठिकाणी अंथरुणं पडतात, आणि जाणते वारकरी आपलं गाठोडं उशाला घेण्याऐवजी पायाखाली घेतात. पाय छातीहून जरा वर.

शरीरशास्त्राच्या पुस्तकात रक्ताभिसरणाचा धडा हृदयापासून सुरू होतो. तो पायापासूनही सुरू व्हावा, असं मला वाटतं.

हृदयाचा मोठेपणा मान्यच आहे. जेमतेम ३०० ग्रॅम वजनाचा हा स्नायू एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतो, मिनिटाला साधारण ५ लिटर, आणि दिवसभरात लाखभर ठोके देतो. शरीरातलं एकूण रक्तही जवळपास ५ लिटरच असतं. म्हणजे आपण स्वस्थ बसलेले असतानाही मिनिटाभरात सगळ्या रक्ताची एक फेरी पुरी होते. आईच्या पोटातल्या चौथ्या आठवड्यापासून हे काम चालू असतं.

पण हृदय ढकलतं, ओढत नाही. महारोहिणीत रक्ताचा दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरपर्यंत चढतो. पुढे रोहिण्या बारीक होत जातात, फाटे वाढतात, आणि केशवाहिन्यांपाशी पोचेपर्यंत तो ३०-३५ वर येतो. केशवाहिनी इतकी अरुंद की तांबड्या पेशीला अंग चोरून, एकामागे एक असं जावं लागतं. तिथेच प्राणवायू आणि साखर पेशींना पोचते, तिथेच टाकाऊ उचललं जातं. पलीकडे नीलेत शिरताना दाब १०-१५ उरतो. हृदयाने दिलेलं बळ बहुतेक इथेच संपलेलं असतं, आणि पायाच्या अंगठ्यापाशी पोचलेल्या रक्तासमोर अजून सव्वा मीटरचा उभा चढ असतो.

यवतच्या शेतकऱ्याला वाटपाचा हिशोब सांगावा लागत नाही. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा या शिवारातून इंदापूरच्या दिशेने जातो. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून सरी. सगळ्या चाऱ्यांना एकाच वेळी पाणी सोडता येत नाही, म्हणून आवर्तन ठरतं. पाच लिटर रक्तालाही शरीरातल्या सगळ्या केशवाहिन्या एकदम भरता येत नाहीत. केशवाहिन्यांच्या अलीकडे ज्या बारीक रोहिणिका असतात, त्यांच्या भिंतीत स्नायूंचा वेढा असतो. तोच दार उघडतो आणि मिटतो. उरुळीहून चालताना दारं उघडी असतात ती मांड्यांची आणि पोटऱ्यांची, आतड्यांकडची बरीचशी आवळलेली. यवतला पिठलं-भाकरी पोटात गेली की उलटं होतं. इथवर कालवा आणि शरीर सारखे. पण सरीत गेलेलं पाणी मातीत मुरतं, त्याला खडकवासल्याला परत जायचं नसतं. रक्ताला परत जावंच लागतं, तेही चढाने, आणि पुढच्या मिनिटाच्या आत.

ते परत आणते पोटरी. पोटरीच्या स्नायूंमध्ये खोलवर रुंद नीला असतात, रक्ताने भरलेल्या. पाऊल टाकताना टाच उचलली की पोटरी आवळते, नीला पिळल्या जातात आणि रक्त वर उसळतं. टाच टेकली की पोटरी सैल पडते. वर गेलेलं रक्त खाली यायला बघतं, पण नीलांमधल्या पातळ झडपा मिटतात आणि त्याला अडवतात. पुढच्या पावलाला ते आणखी वर. डॉक्टर पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यामुळे, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. माणूस निश्चल उभा असेल तर घोट्याजवळच्या नीलेतला दाब ९० मिलिमीटरपर्यंत जातो. तोच माणूस चालू लागला की थोड्या पावलांत तो ३० च्या आसपास उतरतो.

वारकऱ्याचं पाऊल ७० सेंटिमीटरचं धरलं तर २५ किलोमीटरांना ३५ हजारांवर पावलं होतात. संथ चालीत मिनिटाला शंभराच्या जवळपास पावलं पडतात, आणि अशा चालीत बऱ्याच जणांच्या हृदयाचे ठोकेही त्याच सुमारास असतात. लोणीहून यवतला येईपर्यंत छातीतलं हृदय जितकं राबतं, साधारण तितक्याच वेळा दोन्ही पोटऱ्या मिळून आवळतात. शिवाय श्वास आहेच. अभंगाची पुढची ओळ उचलण्याआधी जो खोल श्वास घेतला जातो, त्याने छातीतला दाब घटतो, पोटातला वाढतो, आणि पोटातल्या मोठ्या नीलेतलं रक्त छातीकडे सरकतं. टाळ-मृदंगाच्या नादात चालणाऱ्याला यातलं काही करावं लागत नाही. ते होत असतं.

या झडपांची गोष्ट तुकोबांच्याच काळातली आहे. इटलीत पादुआ इथे फॅब्रिशियस नावाचे शिक्षक होते. १६०३ मध्ये त्यांनी नीलांमधल्या झडपांवर पुस्तक छापलं. पण रक्त पायात एकदम साचू नये, त्याचा वेग कमी व्हावा म्हणून त्या आहेत, असं त्यांना वाटलं. त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने तीच गोष्ट पाहिली आणि निराळा अर्थ लावला. दंडाला फडकं बांधलं की हाताच्या शिरा फुगतात, आणि मध्ये मध्ये बारीक उंचवटे दिसतात. ते झडपांच्या जागी असतात. शीर एका बोटाने दाबून धरायची, दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त पुढच्या झडपेपलीकडे सारायचं. मधला भाग रिकामा राहतो. वरचं रक्त खाली उतरत नाही. म्हणजे नीलेत वाट एकाच दिशेची, हृदयाकडे. अर्ध्या तासात हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं तेवढं अन्नातून नव्याने तयार होणं शक्य नाही, हा हिशोबही त्याने मांडला. तेच रक्त फिरून येतं, असं सांगणारं त्याचं पुस्तक १६२८ मध्ये फ्रँकफुर्टला निघालं. तुकोबा तेव्हा देहूत हयात होते. रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र हार्वेला दिसल्या नाहीत. त्या १६६१ मध्ये माल्पिगी नावाच्या शास्त्रज्ञाने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला, तोवर रक्ताची वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माहीत झालेली होती.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती नंतरची एक गोष्ट. फ्रँक आणि स्टार्लिंग या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा हृदयाचा नियम सांगतो की आत येणाऱ्या रक्ताने हृदयाची भिंत जितकी ताणली जाईल, तितक्या जोराने ते आकुंचन पावतं. निरोगी हृदय आलेलं सगळं पुढे पाठवतं. न आलेलं ते पाठवू शकत नाही. चालताना मिनिटाला पाचाचे दहा लिटर होतात, त्यात हृदयाइतकाच पायांनी परत आणलेल्या रक्ताचा हात असतो.

म्हणून खूप वेळ निश्चल उभं राहणं हे चालण्यापेक्षा कठीण. दर्शनबारीत ताटकळणाऱ्याला भोवळ येते, कारण बरंच रक्त पायात थांबतं आणि मेंदूला कमी पडतं. गुऱ्हाळात काहिलीपाशी उभा असणारा गुळव्या, चौकातला हवालदार, फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षिका यांच्या पोटऱ्यांवर वर्षानुवर्षांनी निळ्या, वेड्यावाकड्या शिरा उठू शकतात. तिथल्या झडपा थकलेल्या, नीट न मिटणाऱ्या असतात.

मुक्कामी वारकऱ्यांचे पाय चेपणारे हात असतात. तेल लावताना हात घोट्याकडून गुडघ्याकडे गेला तर तो रक्ताच्या वाटेनेच जातो. एक गोष्ट मात्र या सेवेकऱ्यांनी मनात पक्की ठेवावी. एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखते आणि हाताला गरम लागते, तर ती चोळायची नाही. आत खोल नीलेत रक्ताची गाठ धरलेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. अशा माणसाला लगेच दवाखान्यात न्यावं.

वारीला न जाणाऱ्यांसाठीही यात काही आहे. यवत स्टेशनवरून सकाळच्या गाडीने पुण्याला कामाला जाणारे कितीजण गर्दीत उभ्यानेच जातात. हलायला जागा नसते, पाय जड होतात. टाचा उचलायला तेवढीशी जागा पुरते. उचलायच्या, टेकवायच्या, दर स्टेशनाला वीसेक वेळा.