जळालेल्या पानाचा दोष कोणाला?



चैत्र संपून वैशाख लागला की आपल्या वऱ्हाडात प्रत्येक ओट्यावर दोनच विषय निघतात, एक उन्हाचा आणि दुसरा पाण्याचा. ह्या दोहोंच्या कचाट्यात सापडलेली एक लहानशी वस्तू आहे. तिच्याविषयी या महिन्यात चार शब्द सांगावे असे आम्ही योजिले आहे. ती वस्तू म्हणजे घरामागची सांदवाडी. ग्रंथी भाषेत तिलाच परसबाग म्हणतात. वांग्याची दोन झाडे, मांडवावर चढविलेला दोडका, कुंपणावरची लवकी, एका वाफ्यात पालक, दुसऱ्यात सांबार, एवढाच तिचा विस्तार. अकोल्या-अमरावतीकडे ज्यांना अंगण उरले नाही, त्यांनी हीच वाडी गच्चीवर डब्या-कुंड्यांतून मांडली आहे.

कोणी म्हणेल, "भगवंताच्या नामाला वाहिलेल्या मासिकात भेंडी-वांग्यांचे काय काम?" हा पूर्वपक्ष झाला. त्याचे उत्तर एका नावात आहे, श्रीसावता महाराज. तेराव्या शतकात अरण गावी ते आपला मळा राखीत होते. पंढरी जवळ असूनही ते मळा सोडून गेले नाहीत, असे परंपरा सांगते. आणि परंपरेचा मोठेपणा पहा. आषाढीला साऱ्या संतांच्या पालख्या पंढरीस येतात. परंतु त्यानंतर आषाढ वद्यात पांडुरंगाचीच पालखी सावता महाराजांच्या भेटीस अरणास जाते. ज्या संप्रदायात देव भाजीच्या वाफ्यापर्यंत चालत जातो, तेथे वाफ्याची गोष्ट परकी कशी मानावी?

असो. आता मूळ विषयाकडे वळू.

वैशाख शुद्ध एकादशीस मूर्तिजापूर तालुक्यातील एका गावी आमचे कीर्तन होते. आरती झाली, प्रसाद झाला, टाळकरी टाळ आवरू लागले, तरी बायामंडळी मंडपातून उठेनात. घरात उकाडा, झोप कोठली? तेव्हा आपसांत सांदवाडीच्या गोष्टी निघाल्या. एकजण म्हणाली, "माह्या काकडीले फुलं तं मोप येते, पन काकडी एकबी धरत नाही." दुसरी म्हणाली, "भेदराचं तसंच. फूल येते अन् गळून जाते." तिसरीची भेंडी शिरांशिरांनी पिवळी पडली होती. आम्ही खांबाला टेकून ऐकत होतो.

आणि उत्तरे कोठून आली म्हणाल, तर त्यांच्याचमधून. एक सत्तरीची आजी म्हणाली, "पोरी, पयली फुलं नराची असते. ज्या फुलामांगं इवलीशी काकडी दिसते, ते मादीचं. त्याची वाट पाह्य." आजीबाईंनी शास्त्रच सांगितले. काकडी, ढेमसे, कारले, लवकी ह्यांच्या एकाच वेलीवर नरफूल आणि मादीफूल वेगवेगळे येते. आधी बहुधा नरफुले येतात, आणि ऊन कडक असले की त्यांचेच प्रमाण वाढते. मादीफूल आले तरी मधमाशी फिरकली पाहिजे. ती नसेल तर नरफूल तोडून त्याचा पराग मादीफुलाला हाताने लावावा. काकडीला सकाळी, कारण तिचे पिवळे फूल सकाळी उमलते, आणि लवकीला सायंकाळी, कारण तिचे पांढरे फूल दिवस मावळताना उमलते.

भेदरांचे कारण निराळे. दिवसाचा उष्मा ३५ अंशांच्या पलीकडे गेला आणि रात्रही गार झाली नाही, म्हणजे टमाट्याचे फूल फळ धरीत नाही. अकोल्याचा पारा तर मे महिन्यात ४५ च्याही वर जातो. तेव्हा त्या झाडाला दुपारची सावली करावी, मुळाशी सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार पसरावे आणि धीर धरावा. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडतात त्या रोगाला केवडा म्हणतात. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. रोगट झाड बरे होत नाही. ते उपटून टाकावे म्हणजे बाकीची वाचतात. निंबोळीचा अर्क, एका लिटरला ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवून गाळलेला, बाकीच्या झाडांवर फवारावा.

इथपर्यंत सर्व गोड चालले होते. मंडपाच्या कडेला एक तरुण सून बसली होती. ती काहीच बोलेना. कोणी विचारले, "तुह्या वाफ्यात काय आहे वं?" तिच्याऐवजी सासूबाईच बोलल्या. "हिच्या हातानं लावलेलं जगतच नाही. विटाळात वाफ्याकडं जाते, मंग पानं जळनार नाई तं काय होईन?"

सज्जनहो, सगळा मंडप गप्प झाला. त्या मुलीने मान खाली घातली. घटकेपूर्वी सर्वांच्या मुखात विठ्ठलाचे नाव होते, आणि आता एका लेकरावर वाफ्याच्या मरणाचा आळ आला होता. न्याय तर राहोच, तिला कोणी एक प्रश्नही विचारला नव्हता.

त्याच तालुक्यातील दापुरे गावी, मामाच्या घरी, लहानपणी गुरे राखलेला आणि शेती केलेला एक पुरुष पुढे गाडगे महाराज झाला. १९५६ साली त्यांनी देह ठेवला. त्यांच्या कीर्तनाची रीत जुन्या लोकांना ठाऊक आहे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढीत. आम्हीही तीच वाट धरली.

विचारले, "माय, पान कोठून जळते? मधून की कडेने?" सासूबाई म्हणाल्या, "कडंकडंनं." "आधी कोणते? वरचे कोवळे की खालचे जून?" "खालचं." "मातीवर काही पांढरे दिसते काय?" "दिसते. मीठ सांडल्यावानी." "पाणी कोणते घालता?" "घरच्या विहिरीचं. नळ तं आठ दिवसाले येते." "विहिरीचे पाणी पिता काय?" त्या म्हणाल्या, "नाई महाराज, खारं हाय ते."

मग आम्ही एवढेच म्हणालो, "जे पाणी आपल्या जिभेला चालत नाही, ते वेलीच्या मुळाला कसे चालावे?"

आम्ही पाठशाळेत न्यायशास्त्र पढलो. तेथे गुरुजी कार्यकारणभाव ठरविण्याची एक कसोटी शिकवीत, अन्वय आणि व्यतिरेक. कारण असते तेथे कार्य असते, हा अन्वय. कारण नसते तेथे कार्य नसते, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तरच कारण सिद्ध झाले म्हणावे. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढ्यावरून कावळ्याला शिक्षा करणे हा काकतालीय न्याय होय, आणि तो न्याय नव्हेच. ही कसोटी पोथीत ठेवण्यासाठी नाही. वाफ्यावर लावण्यासाठी आहे.

म्हणून आम्ही सांगितले, चार डबे घ्या. चारांत एकाच जागची चांगली माती आणि एकाच पुडीतले बी. दोन डब्यांना सुनेने पाणी घालावे, एकाला विहिरीचे, एकाला प्यायचे. दोन डब्यांना सासूने घालावे, तसेच. दोष हाताचा असेल तर सुनेचे दोन्ही डबे जळतील आणि सासूचे दोन्ही हिरवे राहतील. दोष पाण्याचा असेल तर हात कोणाचाही असो, विहिरीच्या पाण्याचे डबे करपतील.

महिन्याने त्या गावचे टाळकरी भेटले तेव्हा निकाल कळला. सासूबाईंनी स्वतः खारे पाणी घातलेला डबा कडेकडेने करपला होता आणि सुनेने गोडे पाणी घातलेला हिरवागार होता. त्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत म्हणे. मात्र नळ येईल त्या दिवशी एक घागर सुनेच्या वाफ्यासाठी बाजूला ठेवू लागल्या.

आता हे खारे पाणी आले कोठून, तेही समजून घ्यावे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर ह्या भागांतील कितीतरी गावे त्यात येतात. वर काळी चिकण माती आणि खाली क्षाराचे पाणी. हे पाणी वाफ्यात घातले की ऊन पाणी उडवून नेते आणि क्षार मागे ठेवते. दिवसेंदिवस क्षार साचतो. मग माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. झाड ओल्या जमिनीत तहानेने मरते. अशा वेळी कोणाची सावली पडली आणि कोणाची नाही, ह्याचा तेथे संबंधच काय?

विटाळाची कल्पना ह्या भूमीत याआधीही माणसांना देवाच्या दारापासून दूर ठेवीत आली. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. त्यात पुढाकार घेणारे डॉ. पंजाबराव देशमुख हे पुढे देशाचे कृषिमंत्री झाले, आणि १९६९ साली अकोल्यास स्थापन झालेले कृषी विद्यापीठ त्यांचेच नाव धारण करते. देवळाच्या दारातला विटाळ ज्यांनी नाकारला, त्यांच्या नावाच्या विद्यापीठात आज माती आणि पाणी तपासून मिळते. तेव्हा ज्याच्या मनात शंका असेल त्याने सुनेची परीक्षा घेण्याऐवजी पाण्याची परीक्षा घ्यावी.

खाऱ्या पट्ट्यातील माउलींसाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. रोज थोडे थोडे खारे पाणी शिंपडू नये. त्याने क्षार वरच साचतो. पानांवर तर ते मुळीच टाकू नये. सोड्याने कपडे धुतलेले पाणी वाफ्यात सोडू नये. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी जपून ठेवावे. कुजलेले शेणखत भरपूर घालावे. पाणी सूर्य उगवण्याआधी किंवा मावळल्यावर द्यावे. गवार, पालक आणि बीट ही खाऱ्याला बऱ्यापैकी सोसतात. कांदा, मुळा, गाजर आणि श्रावणघेवडा ही सोसत नाहीत, त्यांचा हट्ट धरू नये. पावसाळ्यापूर्वी वाफ्याला चर काढून ठेवावा, म्हणजे पावसाचे गोडे पाणी क्षार धुऊन नेईल. पन्हाळीखाली टाकी ठेवून ते पाणी साठवावे. जिप्सम घालावयाचे तर माती तपासल्यावरच घालावे.

परंतु सगळ्यांत मोठा उपाय वेगळाच आहे. तो म्हणजे बोलणे. त्या रात्री काकडीवाली बोलली म्हणून तिला उत्तर मिळाले. भेदरवाली बोलली म्हणून तिला मिळाले. ती सून बोलली नाही, कारण तिला बोलू दिले नव्हते. आपली टोपली भरली की आपण ती साऱ्या गल्लीला दाखवितो, आणि वाफा जळला की दार लोटून घेतो. लोटलेल्या दारामागे मग आळ वाढतो. घरात जो सर्वांत दुबळा, त्याच्या माथी तो बसतो. सत्संग म्हणजे केवळ एकत्र बसून गाणे नव्हे. जेथे आपले नुकसान लाजेवाचून सांगता येते आणि ऐकणारा दोष न देता कारण शोधतो, तो सत्संग. अशी बैठक महिन्याच्या दोन्ही एकादशींना कीर्तनानंतर घटकाभर व्हावी. बी असेल त्याने मूठभर आणावे. नसेल त्याने आपली जळलेली फांदी आणावी. तिचाही तेथे उपयोग आहे.

आणखी एक. वैशाखात लावलेला वेल ज्येष्ठात फळाला येतो, आणि नेमके तेव्हाच पायी वारीचे बोलावणे येते. शेगावची श्रीगजानन महाराजांची पालखी, रुक्मिणीमातेच्या माहेरची कौंडण्यपूरची पालखी, ह्या आषाढीच्या कितीतरी आधी वाटेला लागतात. कितीएक म्हातारे आम्हास म्हणतात, "महाराज, पाय निघतात, पन वाडीत जीव अडकते." त्यांस आमचे सांगणे, जीव अडकू द्या, तो वाफ्यात अडकतो म्हणजे जिवंत आहे. शेजाऱ्याच्या हाती घागर द्या आणि सांगा, मी येईपर्यंत जे पिकेल ते तुझे. जो शेजारी घरी राहिला, त्याने ते पाणी वारीचीच सेवा समजून घालावे. दिंडीतल्या म्हाताऱ्याची लवकी मागे कोणी जगविली, तर त्याचीही वारी घडली, असे आम्ही समजतो.

यंदा निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या सुनेला, लेकीला, शेजारणीला एकदा विचारावे, "तुझा वाफा कसा आहे?" आणि ती सांगेल ते पुरते ऐकून घ्यावे. मधे बोलू नये.

बोला पुंडलीक वरदे हरि विठ्ठल. रामकृष्ण हरी.