विटेवर उभे राहिलेले ध्येय

परतूरसारख्या तालुक्याच्या गावी पहाटे धावणारी सगळीच मुले-मुली हौसेपोटी धावत नाहीत. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर अंतर वेळेत कापावे लागते. खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा सर्वसाधारणपणे 28 वर्षांची. पावसाच्या भरवशावर चालणाऱ्या घरात हे धावणे म्हणजे उद्याची भाकरी असते. अशा घरात आईला किंवा वडिलांना कर्करोग झाल्याचे निदान झाले, तर धावणाऱ्या मुलाने काय करावे? हा प्रश्न केवळ भावनेचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. येथे एका बाजूला कर्तव्य व दुसऱ्या बाजूला स्वार्थ अशी सोपी वाटणी करता येत नाही. दोन्ही बाजूंना कर्तव्यच उभे आहे.

प्रथम उपचारांचे स्वरूप ध्यानात घेऊ. रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालते. काम काही मिनिटांचे. पण त्यासाठी रोज हजर राहावे लागते. केमोथेरपी अनेकदा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने दिली जाते, आणि मधल्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, तोंड येते, अन्नाची शिसारी बसते. ताप आलाच तर रात्री-अपरात्री रुग्णालय गाठावे लागते. परतूरच्या माणसाला त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय गाठावे लागते, नाहीतर मुंबईत परळला 1941 साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय. रेल्वे अशा रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला भाड्यात सवलत देते. सोबती मात्र घरानेच द्यायचा असतो. रांगेत उभा राहणारा, कागदपत्रे सांभाळणारा, डॉक्टरांचे बोलणे समजून घेणारा माणूस पैशाने मिळत नाही. इकडे धावणाऱ्याचा सराव थांबला, की दोन-चार आठवड्यांतच दम उतरू लागतो.

मातापित्यांचा मान राखण्याची चौथी आज्ञा आपण लहानपणीच पाठ करतो. तिच्यातून पळवाट काढणाऱ्यांना प्रभू येशूने कसे फटकारले, हे मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आले आहे. आईबापांना ज्याचा आधार व्हायचा, ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेले आहे असे सांगितले, की मुलगा मोकळा! प्रत्यक्ष देवाचे नावही जेथे सबब म्हणून चालत नाही, तेथे पदकाचे किंवा नोकरीचे नाव कसे चालावे? इथवर उत्तर सरळ दिसते. तरीही एक अडचण उरते. ‘सोड ते सगळे’ असे मुलाला फर्मावणे आम्हांस सोपे जाते, कारण सोडायचे ते आमचे नसते.

खेळाडूंच्या आयुष्यात या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी आली आहेत. 2020च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडचा बेन स्टोक्स पाकिस्तानविरुद्धची कसोटी मालिका अर्ध्यावर सोडून न्यूझीलंडला गेला. वडिलांना मेंदूचा कर्करोग झाला होता. ऑक्टोबरात तो पुन्हा मैदानावर आला आणि डिसेंबरात वडील गेले. 1999च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकर वडिलांच्या निधनानंतर मुंबईला आला आणि आईच्या सांगण्यावरून परत जाऊन केनियाविरुद्ध त्याने शतक झळकावले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ याचे वडील 2011 साली हाडांच्या कर्करोगाने गेले. पुढे सैन्यात तो नौकानयन शिकला. 2016च्या रिओ ऑलिंपिकच्या वेळी आई अपघाताने गंभीर अवस्थेत असताना तो स्पर्धेत उतरला व तेरावा आला. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवले. यांपैकी कोणाला चांगला मुलगा आणि कोणाला वाईट मुलगा म्हणावे? आम्हांस तरी तो अधिकार दिसत नाही.

एक भेद मात्र विसरता येत नाही. नामवंत खेळाडूची संघातील जागा त्याची वाट पाहते; परतूरच्या मुलाची वाट कोणी पाहत नाही. भरती निघते, होते आणि संपते.

येथे आम्हांस आपल्या मातीतला पुंडलिक आठवतो. दारी आलेल्या देवाला आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या त्या मुलाने थांबायला सांगितले. ही कथा सेवेच्या महिम्यासाठी सांगितली जाते, ते योग्यच आहे. पण पुंडलिकाने देवाला परत पाठवले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. त्याने वीट पुढे सरकवली. उभे राहायला जागा दिली. ध्येय बाजूला ठेवणे आणि ध्येय टाकून देणे यांतील अंतर त्या विटेएवढे आहे.

हे अंतर रुग्णासाठीच फार मोलाचे ठरते. दुखणाइताला वेदनेइतकाच आपण ओझे झाल्याचा सल असतो. ‘तुझ्यासाठी मी सारे सोडले’ हे वाक्य मुलाने कधी उच्चारले नाही, तरी कोपऱ्यात पडलेले त्याचे बूट ते बोलत राहतात. असा त्याग आईच्या नावावर कर्ज म्हणून चढतो. उलट, आईचा डोळा लागला असता मुलगा अर्धा तास धावून आला, तर तिलाही हायसे वाटते. म्हणून निर्णय घेताना आजाऱ्यालाही विचारावे. आजार लपवून मुलाला मैदानावर धाडणारे आईबाप आणि मन लपवून उशाशी बसणारा मुलगा, दोघेही एकमेकांना एकटे पाडतात.

आणि ती वीट ठेवायची कोणी? एकट्या मुलाला ते झेपत नाही. बहुतेक घरांत प्रथम मुलीलाच ‘तू थांब’ असे सांगितले जाते. तिचे 800 मीटर कोणी मोजत नाही. भावाने, काकाने, मामाने आठ-आठ दिवस वाटून घेतले, चाचणीच्या आठवड्यात धर्मग्रामातील एखाद्या कुटुंबाने रुग्णालयातील सोबत पत्करली, तर आईची सेवाही घडेल आणि ध्येयही उभे राहील. त्याग करणाऱ्या मुलाचे कौतुक आपण प्रवचनातून आणि शोकसभेतून पुष्कळ करतो. त्याला तेवढा मोठा त्याग करावा लागू नये म्हणून चार दिवस देणे, हे आपल्या वाट्याचे कर्तव्य आहे.