'सँक्टिमोनियस' कोणाला म्हणावे?



इंग्रजीत 'सँक्टिमोनियस' असे एक विशेषण आहे. बोलण्यात ते फारसे येत नाही, पण आले की टोचते. आपल्या धार्मिकतेचा किंवा सचोटीचा तोरा मिरवून इतरांना कमी लेखणारा, असा त्याचा अर्थ. मूळ लॅटिन शब्द मात्र पावित्र्याचा. सतराव्या शतकाच्या आरंभी शेक्सपिअरने तो 'द टेम्पेस्ट'मध्ये विवाहाच्या पवित्र विधींसाठी सरळ अर्थाने वापरला. आणि 'मेझर फॉर मेझर'मध्ये एका समुद्री चाच्याला लावला. हा चाचा दहा आज्ञा बरोबर घेऊन निघाला, फक्त चोरीची आज्ञा तेवढी खरवडून! पुढे चांगला अर्थ मागे पडला, टोमणा उरला. आपल्याकडे 'सोवळा', 'साळसूद' हे शब्दही आता बहुधा टोमण्यासाठीच वापरतात.

कोणी याचे भाषांतर 'ढोंगी' असे करतात. ते आम्हाला पुरते पटत नाही. ढोंगी माणूस सांगतो एक, करतो दुसरे. पण संत लूकच्या शुभवर्तमानातील (१८:९-१४) मंदिरात प्रार्थना करणारा परुशी पाहा. आठवड्यातून दोनदा उपवास, उत्पन्नाचा दशांश. प्रभू येशूने त्याला खोटारडा म्हटलेले नाही. तो हे सारे खरोखरच करीत असावा. बिघडते ते, त्याची नजर दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे वळते तेव्हा. म्हणूनच हे विशेषण नियम मोडणाऱ्यापेक्षा नियम पाळणाऱ्याला, म्हणजे दर रविवारी मिस्साला येणाऱ्या आपल्यालाच, चिकटण्याची भीती अधिक.

२०२३ साली हे आम्हाला फार जवळून जाणवले. २९ ऑगस्टला आपल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणास बसले. १ सप्टेंबरला तेथे लाठीमार झाला. १४ सप्टेंबरला, सतराव्या दिवशी, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते रस घेऊन त्यांनी उपोषण सोडले. त्या मागणीविषयी आपल्यात मतभेद असतील. तो येथे विषय नाही. पण त्या दिवसांत आपल्यातीलच एकजण म्हणाले, "हा सगळा देखावा. प्रभूने तर तोंड धुऊन गुप्तपणे उपवास करा म्हटले आहे."

प्रभूचे ते सांगणे (मत्तय ६:१६-१८) भक्तीच्या उपवासाविषयी आहे. (दरवर्षी राखेच्या बुधवारी आपण ते ऐकतो आणि लगेच कपाळावर राख घेऊन बाजारातून घरी जातो, ही गोष्ट वेगळी.) उपोषण हे गाऱ्हाणे असते. ते कोणी पाहिलेच नाही तर मांडायचे कोणापुढे? उपोषणकर्ता 'मी तुमच्याहून पवित्र' असे म्हणत नसतो. 'माझे ऐका' एवढेच म्हणत असतो. मागणी चूक आहे असे खुशाल म्हणावे. पण भरल्या पोटी, हातात चहाचा कप घेऊन दुसऱ्याच्या भुकेला शास्त्रवचन लावणे, याला काय म्हणायचे?

आम्ही त्या वेळी तेथेच बसलो होतो, चहाही घेतला. बोललो काहीच नाही. बोललो तर आपणच 'सँक्टिमोनियस' ठरू, अशी मनाची समजूत घातली.